माणदेशचें घोंगडें

सातारा म्हटलें कीं आपणांस अजिंक्यतारा आठवतो आणि सांगली म्हटलें कीं कृष्णाकांठ. परंतु या दोन जिल्ह्यांच्या पूर्वेकडील उघड्या माळांचा इतिहास किल्ल्यांत शोधून सांपडावयाचा नाहीं. तो एका काळ्या, खरबरीत वस्त्रांत विणलेला आहे. तें वस्त्र म्हणजे घोंगडें.

महाबळेश्वरीं वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यांतील माण तालुक्यांत जेमतेम ५०० च्या आसपास. साताऱ्याहून दहिवडी, म्हसवड करीत आटपाडीकडे निघालें म्हणजे कृष्णाकांठचे ऊंस मागें राहतात आणि बाभळी व मेंढ्यांचे कळप दिसूं लागतात. आटपाडी पूर्वीं औंध संस्थानांत होती. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. राज्यें गेलीं, सीमा हलल्या. मेंढपाळाचा क्रम मात्र दीर्घकाळ तोच राहिला. दिवाळीनंतर चाऱ्यासाठीं कळप घेऊन बाहेर पडावें आणि पावसाळ्याच्या तोंडीं परतावें. अशा फिरत्या संसारांत घोंगडें हेंच अंथरूण, तेंच पांघरूण आणि पावसांत डोक्यावरची खोळही तेंच.

दख्खनी मेंढीची लोकर जाड व बहुधा काळी. ती कातरून, पिंजून बायका तिचें सूत कांततात. ताणा पसरून त्यावर कुंच्यानें चिंचोक्याची खळ चढवितात. तिच्यामुळें केसाळ सूत ताठ होतें व विणतांना तुटत नाहीं. सणगर आणि खुटेकर धनगर हे या विणकामांतले पिढीजात कारागीर. खड्ड्यांत पाय सोडून ते मागावर बसतात. या वस्त्रांत पाणी लवकर शिरत नाहीं. पण एकदां तें भिजलें कीं वाळतां वाळत नाहीं. ‘भिजत घोंगडें’ हा शब्दप्रयोग याच अनुभवांतून आलेला दिसतो.

दूर दक्षिण अमेरिकेंत, अँडीज पर्वताच्या पठारांवरही असेंच पशुपालकांचें जग आहे. तेथें लामा व अल्पाका यांची लोकर. विणणारी बाई मागाचें एक टोंक खुंटीस व दुसरें आपल्या कमरेस बांधते. इंका राजे करभारांत कापड घेत आणि सैनिकांस देत. तेथील ताकिले बेटाच्या वस्त्रकलेचा युनेस्कोनें २००५ सालीं गौरव केला.

आपल्याकडील खरा प्रश्न मागापाशीं नसून मेंढीपाशीं आहे. जत तालुक्यांतील माडग्याळ गांवच्या नांवानें ओळखली जाणारी उंच, पांढरी-तांबूस मेंढी मांसासाठीं प्रसिद्ध. तिच्या अंगीं लोकर थोडी. बाजारांत मांसाला भाव आहे, जाड्याभरड्या लोकरीला नाहीं. मग मेंढपाळ तिकडे वळला, तर त्याचा दोष काय? परंतु काळी मेंढी कळपांतून गेली, तर कोणतेंही प्रदर्शन वा अनुदान घोंगडें परत आणूं शकणार नाहीं. कारागिराचें कौतुक करावयाचें, तर आधीं त्या लोकरीला मोल आलें पाहिजे. शिंगणापूरच्या वाटेवर एखादें घोंगडें विकावयास दिसलें, तर किंमत विचारतांना एवढें ध्यानांत असूं द्यावें.