डॅशबोर्डवरच्या भेगा

जुन्या गाडीचा इतिहास आपण लोखंडात मोजतो. इंजिन कुठलं, चॅसी नंबर किती, पत्रा मूळचा की बदललेला... पण ती गाडी वापरणाऱ्यांचे हात रोज लागले ते प्लास्टिकला. गिअरची मूठ, डॅशबोर्डवरची बटणं, दाराच्या आतली पट्टी. आणि नेमकं तेच सगळ्यात आधी संपतं.

आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फिएट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली, आणि १९७४ पासून तीच 'प्रीमिअर पद्मिनी' झाली. लायसन्स राजचा तो काळ. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबायचं, म्हणून हातातली टिकवायची. 'रिस्टोरेशन' हा भारदस्त शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. होती ती साधी दुरुस्ती.

इटलीत बेतलेली ही गाडी आमच्या जिंतूरच्या मे महिन्यात उभी करून बघा. पारा चाळिसाच्या वर, आणि बंद काचांमागचा डॅशबोर्ड सत्तर अंशांपुढेही जाऊ शकतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं तेलकट रसायन उन्हाने हळूहळू उडून जातं. काचेवर आतून जमणारा चिकट थर बराचसा त्याचाच. मग ते प्लास्टिक कडक होतं, आकसतं आणि तडकतं.

दुरुस्ती कशी करायची ते प्लास्टिकच्या जातीवर ठरतं. लिओ बेकलंडने १९०७ मध्ये शोधलेलं बॅकेलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. त्याची भेग इपॉक्सीने भरायची, घासायची, रंगवायची. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून त्याच्याच भंगार तुकड्यांचा लेप करून भेग बुजवता येते. पॉलिप्रॉपिलीनला साधा गोंद धरत नाही, ते तापवूनच सांधावं लागतं. ही शेवटची विद्या आपल्याला काही नवी नाही. फुटक्या बादल्या-घागरी तापल्या सळईने जोडून देणाऱ्यांना ती केव्हाच अवगत होती!

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे इथेही नावं आली ती लोखंडाचीच. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या २०२४ पासून पन्नाशी ओलांडू लागल्या. पण त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ अखेर, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली होती. भंगारात गेलेल्या टॅक्सींबरोबर आतले मूळ भागही गेले. जिला आता मान मिळू लागला, तिचे सुटे भाग मात्र संपत चालले.

असो. सांगायचं एवढंच की तडकलेली मूळ पट्टी फेकू नका. सांधा, जोड थोडा दिसला तर दिसू द्या. नवी बसवायचीच असेल तर जुनी फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा. पुढच्या माणसाला रंग आणि पोत जुळवायला कदाचित तेवढाच एक नमुना उरलेला असेल.