थ्री मिनिट थीसिस

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी आपले संशोधन विषयाबाहेरच्या श्रोत्यांना तीन मिनिटांत समजावून सांगण्याची स्पर्धा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २००८ मध्ये ती सुरू झाली. त्या वेळच्या दुष्काळामुळे तेथील लोक तीन मिनिटांचे घड्याळ लावून अंघोळ उरकत. त्यावरून अधिष्ठाता ॲलन लॉसन यांना ही कल्पना सुचली. स्पर्धकाला एकच स्थिर स्लाइड वापरता येते. ध्वनिफीत, चलचित्र वा इतर कोणतेही साहित्य चालत नाही. वेळ ओलांडल्यास स्पर्धक बाद होतो. आशयाची सुबोधता आणि श्रोत्यांना गुंतवण्याचे कौशल्य यांवर गुण मिळतात. तयारीत एकच मध्यवर्ती प्रश्न निवडणे, परिभाषा सोपी करणे, निष्कर्षाचे महत्त्व ठसवणे आणि घड्याळ लावून मोठ्याने सराव करणे आवश्यक ठरते. ही शिस्त परिषदांतील दीर्घ सादरीकरणांनाही उपकारक आहे.