जॉन बॅकमन आणि मनुष्यजातीचें ऐक्य

सत्य एकदां बुद्धीस पटलें म्हणजे आचरण त्याच्या मागोमाग येतें, अशी विद्येच्या उपासकांची श्रद्धा असते. या श्रद्धेस कोठपर्यंत आधार आहे हें पाहावयाचें असल्यास अमेरिकेंतील जॉन बॅकमन यांच्या चरित्राइतकें उद्बोधक चरित्र आम्हांस क्वचितच आढळलें आहे.

बॅकमन यांचा जन्म १७९० सालीं न्यूयॉर्क राज्यांतील ऱ्हाइनबेक गांवीं झाला. १८१५ सालीं साउथ कॅरोलायना राज्यांतील चार्ल्स्टन शहरीं ते ल्यूथरपंथी मंडळीचे पाळक झाले, आणि पुढें अनेक दशकें तेंच त्यांचें कार्यक्षेत्र राहिलें. धर्मोपदेशाबरोबरच पशुपक्षी व वनस्पति यांच्या निरीक्षणाचा त्यांना विलक्षण नाद होता. १८३१ सालीं सुप्रसिद्ध पक्षिचित्रकार ऑड्युबन चार्ल्स्टनला आले असतां बॅकमन यांच्याच घरीं राहिले. या स्नेहाचें पर्यवसान सोयरिकींत होऊन बॅकमन यांच्या दोन कन्या ऑड्युबन यांच्या दोन पुत्रांस दिल्या गेल्या. परंतु त्या दोघीही थोड्याच वर्षांत क्षयानें वारल्या. या दुःखांतूनही उत्तर अमेरिकेंतील सस्तन प्राण्यांवरील त्यांचा संयुक्त ग्रंथ सिद्धीस गेला. त्यांतील चित्रें ऑड्युबन पितापुत्रांचीं, विवेचन बहुतांशीं बॅकमन यांचें. १८४८ सालीं चार्ल्स्टन कॉलेजांत सृष्टिशास्त्राच्या प्राध्यापकपदीं त्यांची योजना झाली.

त्या सुमारास एका वादानें तेथील विद्वन्मंडळ ढवळून निघालें होतें. फिलाडेल्फियाचे डॉ. मॉर्टन निरनिराळ्या मानववंशांच्या कवट्या मोजून, हे वंश मुळांतच भिन्न होत असें प्रतिपादन करीत. लुई अगासी यांच्यासारखे नामांकित शास्त्रज्ञही त्याच पक्षाचे. गुलामगिरीच्या कित्येक कैवाऱ्यांस हें मत फार सोयीचें वाटलें. १८५० सालीं बॅकमन यांनीं ग्रंथ लिहून त्याचें खंडन केलें. त्यांची विचारसरणी सरळ होती. घोडा व गाढव या भिन्न जाति; म्हणून त्यांच्यापासून झालेल्या खेचरास संतति होत नाहीं. उलट, कोणत्याही दोन मानववंशांच्या संकराची प्रजा पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहते. मग केवळ वर्णावरून जाति भिन्न कशी ठरावी? आजच्या शास्त्रास संकराची ही कसोटी इतकी सोपी वाटत नाहीं. तथापि मनुष्यजाति एकच, हा त्यांचा निष्कर्ष अबाधित आहे.

हें ज्ञान केवळ ग्रंथगत नव्हतें. डॅनियल पेन या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणाची चार्ल्स्टनमधील शाळा १८३४ सालच्या कायद्यामुळें बंद पडली, तेव्हां बॅकमन यांनीं त्यास उत्तरेकडील परिचितांच्या नांवें पत्रें दिलीं. पेन पुढें ल्यूथरपंथी सेमिनरींत शिकले, आणि १८६३ सालीं विल्बरफोर्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. अमेरिकेंत असें पद भूषविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत.

इतकें असूनही बॅकमन स्वतः गुलामांचे धनी होते. ज्या ग्रंथांत त्यांनीं मनुष्यजातीचें ऐक्य सिद्ध केलें, त्याच ग्रंथांत कृष्णवर्णीय बुद्धीनें कनिष्ठ असून त्यांस गोऱ्यांचें पालकत्व हवें, असेंही मत मांडलें. म्हणजे बंधुत्वाचें नातें मान्य. मात्र हा बंधु कायदेशीर भाषेंत सदैव अज्ञानच राहावयाचा, आणि त्याचा कारभार थोरल्यानेंच पाहावयाचा! डिसेंबर १८६० मध्यें गुलामगिरीच्या रक्षणार्थ साउथ कॅरोलायना संघराज्यांतून फुटून निघालें, त्या प्रसंगीं परिषदेंत ईश्वराची प्रार्थना केली ती बॅकमन यांनीं. पुढें युद्धांत त्यांचा आयुष्यभराचा संग्रह भस्मसात्‌ झाला, आणि विजयी सैन्यांतील शिपायांनीं या वृद्धास मारहाणही केली. १८७४ सालीं ते निवर्तले.

त्याच्या आदल्याच वर्षीं जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें. फुले यांना खेचराचा दाखला लागला नव्हता. जुलूम सोसणाऱ्याच्या जागीं उभें राहून त्यांनीं तोच निष्कर्ष काढला, आणि तो पुरता काढला. बॅकमन यांची विद्वत्ता खोटी नव्हती, त्यांचें अंतःकरणही कठोर नव्हतें. परंतु ज्ञान पदरीं आल्यावर त्याची किंमत कोणीं मोजावी, हा प्रश्न कोणतेंही शास्त्र सोडवून देत नाहीं. तो ज्याचा त्यानें, स्वतःचें नुकसान समोर दिसत असतां, सोडवावयाचा असतो.