लॅबिरिंथ, भूलभुलैया की चक्रव्यूह?

व्हिसाचे नियम असोत नाहीतर विम्याचे फॉर्म, एखादं प्रकरण फारच गुंतलं की इंग्रजीत त्याला सर्रास 'लॅबिरिंथ' म्हणतात. मराठीत सांगताना आपण कधी 'भूलभुलैया' म्हणतो, कधी 'चक्रव्यूह'. पण या तीन शब्दांचा अर्थ एक नाही.

आधी 'लॅबिरिंथ' घेऊ. क्रीट बेटावर क्नोसॉसच्या राजवाड्यात तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवरची लिनिअर बी लिपी मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली. एका पाटीवर हिशेबाची नोंद आहे: सर्व देवांना एक घडा मध, 'दापुरितो'च्या स्वामिनीला एक घडा मध. हा 'दापुरितो' म्हणजेच लॅबिरिंथ, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे इथे ना राक्षस आहे ना कोडं, आहे तो फक्त देवीचा नैवेद्य.

राक्षस येतो तो ग्रीक कथेत. मिनोटॉरला मारून परत येण्यासाठी थिसियसला दोऱ्याची मदत लागते, म्हणजे आत वाटेला फाटे असणार. पण गंमत बघा, पुढे क्नोसॉसच्याच नाण्यांवर लॅबिरिंथचं जे नेहमीचं चित्र येतं, त्यात फाटा नसतोच! एकच वाट वळत वळत मध्यापर्यंत जाते. फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलमधल्या फरशीवरही तेच. तिथे पाय दुखतील, पण वाट चुकणार नाही. चुकायला होतं ते भूलभुलैयात, कारण तिथे प्रत्येक वळणावर निवड करावी लागते. लखनौच्या बड्या इमामबाड्यातला भूलभुलैया तसाच आहे.

ही एकाच वाटेची आकृती आपल्याकडेही आहे. गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळला ती जांभ्या दगडात कोरलेली आहे. कर्नाटकात हळेबीडच्या बाराव्या शतकातल्या मंदिरात शिल्पकाराने चक्रव्यूह दाखवायला हीच आकृती वापरली.

पण चक्रव्यूहाच्या भिंती दगडाच्या नसतात, माणसांच्या असतात. तो द्रोणाचार्यांनी रचला होता. अभिमन्यूला आत जायचं माहीत होतं, बाहेर पडायचं नव्हतं.

आता अमेरिकेतली ग्रीन कार्डची रांग बघा. तिच्यात एकदा उभं राहिलं की निवडीला फारसा वाव नाही, फक्त थांबायचं. हा जुन्या अर्थाचा लॅबिरिंथ झाला. पण नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, हे कायद्याने ठरवलंय. आईबाबांच्या अर्जात सामील असलेली मुलं २१ वर्षांची झाली की साधारणपणे त्या अर्जातून बाहेर पडतात, हेही कायद्यानेच. आत आणलं आईबाबांनी, पुढची वाट मात्र मुलांनी शोधायची. अभिमन्यूची आठवण येते ती इथे.

म्हणून शब्द जपून निवडावा. 'भूलभुलैया' म्हटलं की वाट चुकल्याचा दोष चालणाऱ्याकडे येतो. 'लॅबिरिंथ' म्हटलं की वाटतं, चालत राहिलं की पोहोचू. 'चक्रव्यूह' म्हटलं तरच पुढचा प्रश्न सुचतो: हा रचला कुणी? आणि माणसांनी रचलेला व्यूह माणसांना बदलताही येतो.