कळलावी
कळलावी (शास्त्रीय नाव: ग्लोरिओसा सुपर्बा) ही कोल्चिकेसी कुलातील विषारी, कंदयुक्त वेल आहे. तिला खड्यानाग असेही म्हणतात. कंदाचा आकार नांगरासारखा असल्याने संस्कृतमध्ये तिला लांगली, तर ज्वालेसारख्या फुलांमुळे अग्निशिखा हे नाव आहे. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी पूर्वी होणाऱ्या वापरावरून मराठी नाव पडले. आयुर्वेदात तिची गणना उपविषांत होते.

आढळ व ओळख
सह्याद्रीत व कोकणात ही वेल पावसाळ्यात उगवते. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांच्या डोंगरउतारांवर आणि झुडपांत ती वाढते. पानाचे टोक तणाव्यासारखे वळलेले असते. फुलाच्या सहा नागमोडी पाकळ्या आधी पिवळ्या व नंतर लाल होतात. पावसाळ्यानंतर वेल सुकते आणि जमिनीत केवळ कंद उरतो.

या तालुक्यांतील ठाकूर व कातकरी समाजांत रानकंद खाण्याची परंपरा आहे. कडू करांदा उकडून खाण्याजोगा करता येतो. कळलावीचा कंद मात्र उकडल्यानेही निर्विष होत नाही. श्रीलंकेत तो खाण्याचा कंद समजून खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

विषारी घटक
सर्व भागांत, विशेषतः बिया व कंदात, कोल्चिसिन हे अल्कलॉइड असते. ते पेशीविभाजन थांबवते. हेच द्रव्य गाऊट या संधिविकारावर अल्प मात्रेत औषध म्हणून दिले जाते. उपचाराची व विषाची मात्रा यांत अंतर थोडे असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे औषध सोबत घेतल्यास नेहमीची मात्राही घातक ठरू शकते.

लक्षणे
पहिल्या २४ तासांत उलट्या, पोटदुखी व जुलाब होतात. त्यामुळे साध्या अन्नविषबाधेचा समज होऊ शकतो. पुढील काही दिवसांत रक्तदाब घटतो, मूत्रपिंडे निकामी होतात व अस्थिमज्जेचे कार्य मंदावते. वाचलेल्या रुग्णांचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात.

उपचार
नेहमीच्या वापरात उपलब्ध असा उतारा नाही. कोल्चिसिनविरोधी प्रतिपिंडांनी एक रुग्ण वाचल्याचे फ्रान्समधून १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ते औषध बाजारात आले नाही. रक्तशुद्धीकरणाने (डायलिसिस) हे विष पुरेसे निघत नाही. लवकर दिलेला सक्रिय कोळसा, शिरेवाटे द्रव व अतिदक्षता हेच मुख्य उपचार होत. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णाला खाल्लेल्या कंदाच्या नमुन्यासह रुग्णालयात नेणे आवश्यक असते.