सैतानाला नकार: एका प्रतिज्ञेची कुळकथा

बाप्तिस्म्याच्या विधीत डोक्यावर पाणी पडण्याआधी एक प्रश्न येतो. सैतानाला, त्याच्या कृत्यांना आणि त्याच्या पोकळ आमिषांना तू नाकारतोस का, असे धर्मगुरू विचारतो. उत्तर मोठ्याने आणि स्वतःच्या तोंडाने द्यायचे असते. सामान्य ख्रिस्ती माणसाची सैतानाशी औपचारिक गाठ पडते ती एवढ्याच प्रश्नोत्तरात. सैतान आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते, पण निवड उत्तर देणाऱ्यावर सोपवलेली असते. भुरळ घालणारा कोणीही असो, पाप ज्याने केले त्याच्याच नावावर ते जमा होते. सैतानाला नाकारण्याच्या या प्रतिज्ञेचा इतिहास पाहताना सुरत शहर पुन्हा पुन्हा वाटेत येते.

सुरतेत अशी प्रतिज्ञा ख्रिस्त्यांच्या फार आधीपासून होत आली आहे. नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झालेला पारशी दिवसातून अनेकदा कुस्ती सोडून पुन्हा बांधतो. कुस्ती म्हणजे लोकरीच्या बहात्तर धाग्यांची विणलेली नाडी. ती सुदऱ्यावरून, म्हणजे आतल्या पवित्र सदऱ्यावरून, कमरेभोवती तीन वेढे देऊन बांधतात. आधी हात, पाय आणि तोंड धुवायचे, मग कुस्ती सोडून दोन्ही हातांत धरायची आणि प्रार्थना म्हणायची. तीत अहरिमनचे नाव आले की कुस्तीची टोके हलकेच झटकायची. कपड्यावर बसलेली धूळ उडवावी तसा हा झटका असतो. अहरिमन म्हणजे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला अंग्र मइन्यू, दुष्टतेचा आत्मा. अवेस्तेतल्या यस्नाच्या बाराव्या अध्यायातली श्रद्धेची कबुली तर नकारानेच सुरू होते. ती म्हणणारा आधी ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती नाकारतो, मग गुराढोरांची चोरी आणि वस्त्यांची लूट सोडल्याचे सांगतो आणि जादूटोणा करणाऱ्या ‘यातूं’ची संगतही टाकतो. दुष्ट शक्ती, गुरे चोरणे आणि करणी हे तिन्ही एकाच शपथेत येतात. झरथुष्ट्राच्या गाथांमध्ये हा विचार आणखी नेमका मांडला आहे. दोन आद्य आत्म्यांनी आपापली निवड केली, आता प्रत्येक माणसाने स्वतःसाठी करायची आहे.

हे ग्रंथ युरोपात पोचले ते सुरतेतून. आंकेतिल द्युपेरों हा तरुण फ्रेंच अभ्यासक १७५८ मध्ये सुरतेत आला. त्याचा भाऊ तिथल्या फ्रेंच वखारीत होता. आंकेतिलने दस्तुर, म्हणजे पारशी धर्मगुरू, दाराब यांच्याकडे अवेस्तेचे धडे घ्यायला सुरुवात केली. तेव्हा सुरतेच्या पारशांत दोन तट पडले होते, दस्तुरही परक्या माणसाला शिकवायला सुरुवातीला फारसे राजी नव्हते. गुरू-शिष्यांचे बोलणे फारसीत चाले. अवेस्तेच्या मूळ वाक्यावर पहलवी टीका, तिचा फारसीत खुलासा आणि त्यावरून फ्रेंच टिपण, अशा तीन पायऱ्या उतरून अर्थ कागदावर येई. या पद्धतीने १७५९ मध्ये त्याने वेंदिदादचे भाषांतर केले. वेंदिदाद हा दएवांविरुद्धच्या नियमांचा ग्रंथ आहे. त्याच्या पहिल्याच प्रकरणात अहुर मज्द हा ईश्वर एकामागून एक चांगले प्रदेश निर्माण करतो आणि अंग्र मइन्यू प्रत्येक प्रदेशात एकेक पीडा घालतो. कुठे कडाक्याचा हिवाळा, कुठे शंकेखोरपणा, तर हेतुमंत नावाच्या प्रदेशात यातूंची करणी. आंकेतिल सुमारे एकशे ऐंशी हस्तलिखिते घेऊन परतला. १७७१ मध्ये त्याचे तीन खंड पॅरिसमध्ये छापले गेले, तेव्हा असली बाष्कळ बडबड झरथुष्ट्राची असूच शकत नाही, अशी विल्यम जोन्सने त्यांची टर उडवली. जोन्स पुढे मोठा प्राच्यविद्यापंडित झाला, पण या बाबतीत काळाने त्याला खोटे पाडले.

या खंडांमुळे युरोपातल्या बायबल-अभ्यासकांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला: ख्रिस्ती सैतानाचे मूळ घराणे कोणते? बायबलच्या जुन्या थरांत देवाला तुल्यबळ असा शत्रू नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातला साप हा सापच आहे, त्याला सैतान म्हटलेले नाही. ईयोबाच्या कथेतला सैतान देवाच्या दरबारातला आरोप ठेवणारा सेवक आहे आणि परवानगी मिळाल्याशिवाय तो ईयोबाला हातही लावत नाही. बदल कसा घडला हे एका प्रसंगात लख्ख दिसते. दावीद राजाने आपल्या प्रजेची शिरगणती केली आणि त्यामुळे देशावर मरी ओढवली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ही बुद्धी दाविदाला देवाच्या कोपामुळे होते. तीच हकीगत इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात येते तेव्हा चिथावणी देणारा सैतान असतो. इतिहासाचे हे पुस्तक बाबिलोनच्या बंदिवासानंतरचे, म्हणजे यहुदी लोक इराणी साम्राज्याच्या छायेत आल्यानंतरचे आहे. मधल्या काळात इराणी विचाराचा वारा लागला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींना हा बदल यहुदी विचारात आपोआप झालेला वाटतो आणि हा वाद अजून मिटलेला नाही. चिथावणी देणारा बदलला तरी दोन्ही पुस्तकांत दावीद एकच गोष्ट करतो. पाप माझ्याकडून घडले, अशी तो कबुली देतो. सैतानाकडे बोट दाखवून सुटण्याची वाट इतिहासाच्या लेखकाने त्याला मोकळी करून दिली होती, पण तो त्या वाटेने जात नाही.

नव्या करारात सैतानाला पूर्ण आकार येतो, तरीही याकोबाचे पत्र वाचकाला बजावते की माणूस मोहात पडतो तो स्वतःच्याच वासनेमुळे. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी या दोन्ही गोष्टी एका विधीत गोवल्या. इ. स. २०० च्या आसपास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन हा सैतान, त्याचा थाटमाट आणि त्याचे दूत यांना नाकारण्याच्या प्रथेविषयी लिहितो. थाटमाट म्हणजे त्याच्या लेखी रोमन खेळ-तमाशे आणि मूर्तींचे उत्सव. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये हा विधी बाप्तिस्मागृहाच्या बाहेरच्या दालनात होई. उमेदवार पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेकडे तोंड करून हात पुढे करी आणि सैतान समोरच उभा असल्यासारखे त्याला नाकारी. मग पूर्वेला वळून श्रद्धा उच्चारी. जादूटोण्याबाबत तर फारच कडक धोरण होते. हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या नियमावलीप्रमाणे मंत्र-तंत्र करणाऱ्याला बाप्तिस्म्याच्या चौकशीसाठी उभेही करायचे नव्हते.

हे उमेदवार प्रौढ असत. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा रूढ झाल्यावर मात्र पंचाईत झाली. बोलता न येणाऱ्या मुलाने नकार द्यायचा कसा? त्याच्या वतीने धर्ममाता-धर्मपिता उत्तर देऊ लागले. चर्चचा आचार्य ऑगस्टीन याला एका बिशपने नेमकी हीच शंका विचारली होती आणि ऑगस्टीनने तिचे उत्तर दिले. ते उत्तर चतुराईचे आहे, पण मूळ अडचण त्याने सुटली असे म्हणवत नाही. स्वतःच्या तोंडून करायच्या प्रतिज्ञेत प्रतिनिधी शिरला. पुढे मध्ययुग संपता संपता याच सैतानकल्पनेला भयंकर फळ आले. दहाव्या शतकातला चर्चचा एक नियम रात्री आकाशातून उडणाऱ्या बायकांच्या गोष्टींना भ्रम ठरवत होता. पंधराव्या शतकापासून न्यायालये मात्र चेटकिणींनी सैतानाशी करार केला असे मानू लागली. अठराव्या शतकापर्यंत युरोपात चाळीस-पन्नास हजार माणसे या आरोपाखाली मारली गेली आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. स्वतःच्या पापाचा हिशेब ठेवण्याचा धर्म शेजारणीच्या पापाचा हिशेब करू लागला.

सुरतेत १६१३ मध्ये इंग्रजांची वखार उभी राहिली, तेव्हा त्यांच्या मायदेशी १६०४ चा चेटूकविरोधी कायदा लागू होता आणि त्यात देहदंड होता. वखारीचे पाद्री याच वातावरणातून आलेले. त्यांच्यातल्या हेन्री लॉर्डने सुरतेच्या वाण्यांच्या आणि पारशांच्या धर्मांवर १६३० मध्ये एक पुस्तक काढले. वखारीत इंग्लिश चर्चचे प्रार्थनापुस्तक चाले. त्यातला भूत काढण्याचा विधी १५५२ च्या आवृत्तीत गळला होता, पण सैतानाला नाकारण्याचा प्रश्न टिकला. १६६२ च्या आवृत्तीत प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा वेगळा विधी आला. वसाहतींतल्या स्थानिक लोकांना बाप्तिस्मा देताना तो उपयोगी पडेल, असे कारण प्रस्तावनेत दिले आहे. वखारीतल्या पाद्र्यांनी धर्मप्रसाराला मात्र फारसा हात घातला नाही. व्यापार बिघडेल, ही धास्ती होती. दक्षिणेला गोव्यात चित्र वेगळे होते. तिथे जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’तून (१६१६) देवदूतांच्या पतनाची आणि आदाम-एवेच्या पापाची कथा मराठी ओव्यांत पोचली होती आणि इन्क्विझिशन हे चर्चचे धर्मन्यायालय मंत्र-तंत्र करणाऱ्यांवर खटले चालवत होते. इंग्लंडचा कायदा १७३५ मध्ये पालटला. त्यानंतर चेटूक हा गुन्हा राहिला नाही, चेटूक येते असा दावा करणे हा गुन्हा झाला.

सुरतेत हा नकार गुजरातीतून आणि खुल्या प्रचारातून आला तो १८१५ मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी आल्यावर. त्यांनी छापखाना घातला आणि १८२० च्या दशकात गुजराती बायबल छापले. १८४६-४७ च्या सुमारास हे ठाणे आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. प्रेस्बिटेरियन परंपरेने धर्ममाता-धर्मपिता आणि त्यांची ठरावीक उत्तरे १६४५ मध्येच काढून टाकली होती. सैतान, जग आणि देह यांच्याशी झुंजण्याचे बंधन पाद्री आपल्या उपदेशातून सांगे. आंकेतिल ज्या शहरातून अहरिमनची कथा घेऊन गेला, तिथे आता उलट्या दिशेने सैतानाची कथा छापली जात होती. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन तर पारशांना सुनावत होते की पापाचे मूळ अहरिमनकडे ढकलणारा धर्म माणसाची जबाबदारी पातळ करतो. पारशांनी त्यांना कडक उत्तरे दिली. पुढे पुण्यात अध्यापन करणाऱ्या मार्टिन हाउग या जर्मन पंडिताने गाथांचा असा अर्थ लावला की दोन्ही आत्मे एकाच अहुर मज्दाचे आहेत. तो पारशांना फार सोयीचा वाटला.

या गलबल्यात एक मराठी माणूस सुरतेत होता. दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणाचे कर्ते, तिथल्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी, दादोबा आणि मित्रांनी मानवधर्म सभा काढली. पाच प्रमुखांची नावे ‘द’ने सुरू होत म्हणून सुरतकर त्यांना पाच दद्दा म्हणत. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांतले ढोंग उघडे करायचे, हा सभेचा बाणा होता. तिच्या बैठका सर्वांना खुल्या असत. सभेने मंत्र घालणाऱ्यांना आणि जादूगारांना आपली विद्या चारचौघांत दाखवा, असे आव्हान दिले. मिशनरी जादूटोण्याला सैतानाचे काम म्हणत, म्हणजे त्यात शक्ती आहे हे मान्य करत. सभेने ती शक्तीच नाकारली. हा फरक छोटा नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा आणि गुजरातचा २०२४ चा जादूटोणाविरोधी कायदा दोन्ही याच भूमिकेवर उभे आहेत: शिक्षा दाव्याला आणि त्यातून होणाऱ्या छळाला. दादोबा १८४६ मध्ये मुंबईला गेले, दुर्गाराम १८५२ मध्ये राजकोटला, आणि सभा आटोपली.

दादोबांच्या डोक्यातून मात्र हा प्रश्न गेला नाही. मुंबईत परमहंस सभा या सुधारक मंडळामागे ते होते. उतारवयात, १८७८ मध्ये, त्यांनी स्वीडिश विचारवंत स्वीडनबॉर्गच्या लेखनावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले आणि त्याच्या शीर्षकात स्वतःला ‘एक हिंदू गृहस्थ’ म्हटले. स्वीडनबॉर्ग ख्रिस्ती, पण त्याच्या मते देवदूतांतून पडलेला असा एकच एक सैतान नाही. नरकातले सगळे एके काळी माणसेच होती, देव कोणालाही तिथे टाकत नाही, जो जातो तो आपल्या आवडीच्या ओढीने जातो. स्वर्ग-नरकावरचे त्याचे पुस्तक १७५८ चे, म्हणजे आंकेतिल सुरतेत उतरला त्याच वर्षाचे. सुरतेत मांत्रिकांना उघडे पाडू पाहणाऱ्या माणसाला सैतान वगळून पाप शिल्लक ठेवणारा हा विचार भावावा, यात नवल नाही. दादोबा ख्रिस्ती झाले नाहीत.

नकाराचे जुने, प्रौढांचे रूप सुरत जिल्ह्यात आले ते अगदी अनपेक्षित वाटेने. अमेरिकेतल्या ब्रेदरन चर्चचे विल्बर स्टोव्हर यांनी १८९५ मध्ये वलसाडला ठाणे उघडले. वलसाड तेव्हा सुरत जिल्ह्यात होते. पुढे मिशन व्यारा आणि डांगातल्या आहव्यापर्यंत गेले. ब्रेदरन पंथ १७०८ मध्ये जर्मनीत एका नदीकाठी निघालेला, आणि तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा त्याला मुळीच मान्य नव्हता. त्यांच्या रीतीत उमेदवार कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकतो. श्रद्धेचा प्रश्न होतो, सैतान आणि त्याचे घातक मार्ग स्वखुशीने सोडतोस का हा प्रश्न होतो, आणि मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला तीनदा पुढे वाकवून बुडवतात. डांग आणि व्याऱ्याच्या गावांत मूल दगावले किंवा गुरे मेली की भगत, म्हणजे गावातला मांत्रिक, कौल लावून कोणा बाईला डाकीण ठरवी आणि तिचे हाल होत. तिथे हा प्रश्न दोष शोधण्याची दिशाच उलटी करतो, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात नव्या ख्रिस्ती कुटुंबांतही डाकिणीची भीती सहज गेली नाही. अनेकांसाठी प्रार्थना हा भगताच्या उताऱ्याला पर्याय ठरला, आणि संशय जागच्या जागी राहिला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तीत प्रेस्बिटेरियन परंपरेची मंडळी आली आणि ब्रेदरनही आले. तान्ह्याचा बाप्तिस्मा की प्रौढाचा, हा वाद एकीकरणाच्या बोलण्यांत बराच काळ अडला होता. अखेर दोन्ही रीती ग्राह्य धरण्याचे ठरले, त्यामुळे दक्षिण गुजरातेत एकाच चर्चमध्ये कुठे आईबाप मुलाच्या वतीने उत्तर देतात, तर कुठे मोठे झालेले मूल स्वतः.