रक्त कमी दाखवलं तर भीती कमी वाटते का? हॉरर आणि सायफाय चित्रपटांच्या रेटिंगचं गणित

ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मेगन' या हॉलिवूडपटाचा ट्रेलर आला. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी, लहान मुलीएवढी एक बाहुली खून करायला निघते आणि वाटेत कॉरिडॉरमध्ये नाचते. हा नाच टिकटॉकवर तुफान गाजला. त्यावर व्हिडिओ करणाऱ्यांत किशोरवयीन मुलंही मोठ्या संख्येने होती.

गंमत म्हणजे हा चित्रपट मुळात बराच जास्त रक्तरंजित होता. चित्रपटगृहात आणताना मात्र काही दृश्यं पुन्हा चित्रित झाली, रक्त कमी केलं गेलं आणि किशोरवयीन मुलांना एकट्याने बघता येईल असं 'पीजी-१३' रेटिंग मिळवलं गेलं. सुमारे १.२ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने जगभरात १७ कोटी डॉलरहून जास्त कमावले. नंतर जास्त रक्त असलेली आवृत्तीही ऑनलाइन आली.

मग प्रश्न पडतो, रेटिंग बदललं की चित्रपटही बदलतो का? आणि रक्त कमी झालं की भीतीही कमी होते का?

रेटिंग नेमकं काय सांगतं?

अमेरिकेतली सध्याची रेटिंग पद्धत १९६८ मध्ये सुरू झाली. ती सरकारने नाही, तर चित्रपट उद्योगाच्या संघटनेने आणली. त्यात 'आर' रेटिंग म्हणजे १७ वर्षांखालील मुलांनी पालक किंवा एखादी प्रौढ व्यक्ती सोबत असेल तरच चित्रपट बघावा.

'पीजी-१३' नंतर आलं. १९८४ मध्ये 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आणि 'ग्रेमलिन्स' हे चित्रपट 'पीजी' रेटिंगवर लागले. लहान मुलांना घेऊन गेलेले पालक त्यातली दृश्यं बघून हादरले. तेव्हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीच मधली एक पायरी सुचवली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये 'पीजी-१३' लागू झालं.

भारतात हे काम कायद्याने होतं. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा आहे आणि प्रमाणपत्र केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे बोलीभाषेतलं सेन्सॉर बोर्ड देतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' प्रमाणपत्राचे 'यूए ७+', 'यूए १३+' आणि 'यूए १६+' असे तीन भाग झाले.

इथे एक गैरसमज हमखास होतो. अमेरिकेचं 'आर' म्हणजे आपलं 'ए' नाही. 'आर' चित्रपटाला पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांसोबत जाऊ शकतो. 'ए' चित्रपटाला १८ वर्षांखालच्या कुणालाच प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरी नाही.

निर्मात्यांना 'पीजी-१३' का हवं असतं?

कारण सरळ आहे. हॉररचा मोठा प्रेक्षक किशोरवयीन असतो आणि तो मित्रांच्या घोळक्याने येतो. 'आर' मिळालं की हा घोळका दारातच अडतो.

पण सौम्य रेटिंग घेतलं म्हणजे चित्रपट चालतोच असं नाही आणि कडक रेटिंग घेतलं म्हणजे तो चांगला होतो असंही नाही. 'एलियन व्हर्सेस प्रिडेटर' (२००४) हे याचं उत्तम उदाहरण. तोवर 'एलियन' आणि 'प्रिडेटर' या दोन्ही मालिकांतले सगळे चित्रपट 'आर' होते. हा पहिलाच 'पीजी-१३' आला आणि चाहते भडकले. २००७ मध्ये त्याचा पुढचा भाग 'रिक्विम' पुन्हा 'आर' रेटिंगसह आला. रक्तपात भरपूर होता, पण समीक्षकांनी त्यालाही झोडपलं आणि कमाई पहिल्यापेक्षा कमी झाली. दुखणं रेटिंगमध्ये नव्हतं, पटकथेत होतं.

याउलट 'अ क्वायट प्लेस' (२०१८) 'पीजी-१३' असूनही जगभर ३० कोटी डॉलरच्या वर गेला, तर 'इट' (२०१७) 'आर' असूनही सुमारे ७० कोटींपर्यंत पोहोचला. २०२५ मध्ये आलेल्या 'मेगन'च्या दुसऱ्या भागालाही 'पीजी-१३' होतं, पण तो सपशेल आपटला.

कमी रक्त म्हणजे कमी भीती?

नाही. 'द टेक्सास चेन सॉ मॅसेकर' (१९७४) हा आजही अत्यंत क्रूर चित्रपटांत गणला जातो. प्रत्यक्षात त्यात पडद्यावर रक्त फारच कमी दिसतं. दिग्दर्शक टोबी हूपर यांना सौम्य रेटिंग मिळण्याची आशा होती, म्हणून त्यांनी हात आखडता घेतला होता. तरीही त्याला 'आर' मिळालं. ब्रिटनच्या मंडळाने तर १९९९ पर्यंत त्याला प्रमाणपत्रच दिलं नाही. कारण भीती करवतीच्या आवाजात, किंकाळ्यांत आणि सुटका नाही या जाणिवेत होती. ती कापणार कशी?

'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) ची गोष्ट अशीच. त्यात रक्त कमी, शिव्या नाहीत, नग्नता नाही. निर्मात्यांना 'पीजी-१३'ची अपेक्षा होती. मंडळाने 'आर' दिलं, कारण चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत फार भीतीदायक होता आणि अमुक एक दृश्य काढा असं सांगता येत नव्हतं.

मग रक्तपात निरर्थक आहे का?

तसंही नाही. तुटलेले अवयव, उघडी जखम, फुटणारं शरीर अशा दृश्यांना हॉररचे चाहते 'गोअर' म्हणतात. काही कथांचा विषयच शरीर हा असतो. तिथे गोअर काढलं तर कथाच उरत नाही.

रिडली स्कॉट यांच्या 'एलियन' (१९७९) मध्ये जेवणाच्या टेबलावर एका माणसाची छाती फाडून परग्रहावरचा जीव बाहेर येतो. दृश्य काही क्षणांचं आहे. त्यानंतर तो प्राणी फार वेळ दिसतही नाही. पण काय होऊ शकतं हे प्रेक्षकाला कळलेलं असतं, म्हणून पुढचा प्रत्येक अंधारा कोपरा धास्ती देतो. जॉन कारपेंटर यांच्या 'द थिंग' (१९८२) मध्ये समोरचा माणूस खरा की त्याची नक्कल, हाच प्रश्न आहे. त्यातली विद्रूप शरीरं त्या प्रश्नाचं दृश्य रूप आहेत.

पॉल व्हरहोवन यांच्या 'रोबोकॉप' (१९८७) मधल्या हिंसेला मंडळाने सुरुवातीला वारंवार 'एक्स' रेटिंग दिलं. कापाकापी करून शेवटी 'आर' मिळालं. त्यातली अतिरेकी हिंसा हीच नफेखोर कंपन्यांवरची टीका होती. २०१४ ची नवी आवृत्ती 'पीजी-१३' करताना ती धार बोथट झाली.

रक्ताचा रंगही महत्त्वाचा

२०२५ च्या 'प्रिडेटर: बॅडलँड्स' मध्ये मारामारी भरपूर आहे, तरीही त्याला 'पीजी-१३' मिळालं. कारण त्यात एकही मानवी पात्र नाही. परग्रहवासी आणि यंत्रमानव आहेत, त्यामुळे लाल रक्त सांडत नाही. अवयव तुटतात, पण ते माणसाचे नसतात. सायफायला मिळणारी ही सवलत साध्या हॉररला मिळत नाही.

आपल्याकडे काय दिसतं?

कोकणातल्या लोककथांच्या वातावरणातले दोन चित्रपट घ्या. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) 'ए' प्रमाणपत्रासह आला. आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' (२०२४) 'यूए' होता आणि त्याला लहान मुलांसह कुटुंबं गेली. 'तुंबाड'मध्ये लोभाचं ओंगळ रूप दाखवायचं होतं, 'मुंज्या'मध्ये भीतीसोबत हसवायचं होतं. दोघांनीही आपल्या गोष्टीला मानवेल तेवढंच दाखवलं. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झालेल्या 'तुंबाड'ने तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली.

मग रेटिंग बघून ठरवायचं काय?

रेटिंग प्रामुख्याने पडद्यावर काय दिसतं आणि ऐकू येतं ते मोजतं. एखादी गोष्ट डोक्यात किती दिवस राहील, हे त्याला नीट मोजता येत नाही. रक्ताचा थेंबही नसलेला भुताचा चित्रपट बघून एखादं मूल आठवडाभर दिवा लावून झोपू शकतं आणि हिरव्या रक्ताच्या राक्षसांची लढाई बघून तेच मूल खदखदून हसू शकतं.

म्हणून मुलांसोबत बघायचं असेल तर नुसतं अक्षर आणि आकडा पुरेसा नाही. ओटीटीवर रेटिंगच्या शेजारी हिंसा, भीती, भाषा असं कारण दिलेलं असतं, ते वाचणं जास्त उपयोगाचं. आणि स्वतःसाठी चित्रपट निवडताना 'पीजी-१३ आहे म्हणजे मिळमिळीत' किंवा 'ए आहे म्हणजे जबरदस्त' हे दोन्ही निकष बाजूला ठेवलेले बरे. त्या गोष्टीला रक्ताची गरज होती का, एवढं पाहिलं तरी पुरे.